ताडाशेजारचा पूल

चूक दिसली की माझं बोट आपोआप वर जातं. वीस वर्षं बोर्डीच्या शाळेत इतिहास शिकवून लागलेली ही खोड. दुकानांच्या पाट्यासुद्धा मी मनातल्या मनात दुरुस्त करत जाते. हिला देवळात नेलं तर ही आरतीतही चुका काढेल, असं नवरा म्हणतो. पण या खोडीपायी मी एकदा काय करून बसले ते त्याला ठाऊक आहे, त्यामुळे तो थट्टा फार ताणत नाही.

माझं माहेर तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला. आमच्या पाड्यातून फौजेत गेलेला माणूस एकच, तो म्हणजे माझे बाबा. विशीत डहाणूला गवताच्या वखारीत गठ्ठे बांधायला गेले आणि तिथूनच भरती झाले. ते काही बंदूकवाले नव्हते, रस्ते आणि पूल बांधणाऱ्या तुकडीत होते. एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेकडे होते, यापलीकडे घरात कुणालाच काही माहीत नव्हतं. परत आले आणि पुन्हा भात-नागलीला लागले. लोखंडी पेटीत एक लोकरीचा कोट तेवढा राहिला. तो घालण्याइतकी थंडी आमच्याकडे कधी पडलीच नाही.

लहानपणी मी पुष्कळ विचारायचे. "पूल बांधला नि आलो," एवढं म्हणून ते विडी पेटवायचे. जे बाबांकडून मिळेना ते मी पुढे मोबाइलवर शोधू लागले. डहाणूहून बोर्डीला जाणाऱ्या एसटीत खिडकीजवळ बसायचं, कानात इअरफोनची बोंडं घालायची आणि लढायांचे व्हिडिओ लावायचे. नकाशावर लाल-निळे बाण सरकत, मागे ढोल वाजत आणि कुणीतरी खड्या आवाजात हिंदीतून सांगत असे. एका बाजूला समुद्र जायचा, त्याच्याकडे माझं लक्षही नसायचं. सुट्टी लागली की मी संग्रहालयं पालथी घालायचे. नगरला जाऊन रणगाडे पाहिले, नाशिकला तोफा. पिपांवर तरंगणारा पूल वेगळा आणि लोखंडी सांगाडा जोडून उभा केलेला वेगळा, हे मी डोळे मिटून सांगू लागले. शाळेत माझा भाव वधारला. मला वाटायचं, हे सगळं मी बाबांसाठी करते आहे. अर्धं खरं होतं ते. अर्धी मिरवण्याची हौस होती.

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात मी माहेरी गेले तेव्हा झोडणी उरकली होती. शेणाने सारवलेल्या खळ्यावर बाबा भाताची रास मोजत होते. रास मोजताना आमच्याकडे मोजणाऱ्याशी कुणी बोलत नाही आणि पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, असं मोजत जायचं. मोजणं संपल्यावर आम्ही बापलेक खळ्यातच बसून मी बोर्डीहून नेलेले चिकू खाऊ लागलो.

बाबांचं काय बिनसलं होतं की जमलं होतं, कोण जाणे. हवा लढाईतल्यासारखी असेल, महिनाही तोच होता. त्यांनी बैलाचं दावं ओढून घेतलं आणि सारवणावर वळण देऊन पसरलं. नाव घेऊन म्हणाले, ही ती नदी. वळणाच्या आतल्या बाजूला एक काडी खोचली. तिथे एक ताड होता म्हणे, अगदी आपल्यासारखा, पण त्याला ताडीचं मडकं लावणारं कुणी उरलं नव्हतं. ताडाला लागून त्यांनी बोट आडवं ओढलं, तो पूल. मग चिकूच्या काळ्या बिया पुसून एकेक मांडल्या आणि रास मोजावी तशी माणसं मोजली. लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. "आमी सात जण होतो पुलावर," ते म्हणाले. "पहाटचं धुकं होतं, नि..."

आणि माझं बोट वर गेलं.

त्या लढाईचे व्हिडिओ मी चार-चारदा पाहिले होते. त्या वळणावर पूल नव्हताच, फौज खालच्या अंगाला होड्यांतून उतरली होती. मी म्हणाले, "बाबा, पूल तिथे नव्हता. तुमचा काहीतरी घोळ होतोय." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी मोबाइल काढला, रेंज येईना म्हणून खळ्याच्या कडेला जाऊन हात उंच धरून व्हिडिओ लावला आणि त्यांच्यापुढे आणून धरला. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला. मोठ्या साहेबापुढे बसावं तसे, हात मांडीवर ठेवून पाहिला. मग म्हणाले, "असंल, बाय. त्यांना जास्ती म्हायती."

बिया गोळा करून त्यांनी कुंपणापलीकडे टाकल्या. दावं गुंडाळलं. बैलांना पाणी दाखवायला उठून गेले. मी त्यांना हाक मारली नाही, कारण माझं बरोबर होतं.

त्यानंतर कितीदा विचारलं, पण ते हसून विषय बदलायचे. तुला सगळं ठावंच हाय, म्हणायचे. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले तरी असते. वर्षभराने त्यांना लकवा झाला, उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. तोंडातून नुसता आवाज निघतो, शब्द होत नाही.

गेल्या मे महिन्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी पुण्याला गेले होते. दुपारी मोकळा वेळ मिळाला तसं एक छोटं लष्करी संग्रहालय गाठलं. आतल्या खोलीत, पंख्याखाली, रस्ते-पूलवाल्यांचे जुने फोटो लावले होते. तिथली माणसं तोफा बघून परत फिरत होती, आत कुणी येत नव्हतं. तिसऱ्या फोटोत नदी होती. तिला वळण होतं. वळणाच्या आत एकटा ताड होता आणि ताडाला लागून पिपांवर तरंगणारा अर्धवट पूल. वर उघड्या पाठीची काही माणसं वाकून काम करत होती. खाली त्या लढाईचं नाव आणि 'पूल बांधताना जवान' एवढंच लिहिलं होतं. बाकीच्या फोटोंखाली अधिकाऱ्यांची नावं होती. इथे पाठीच होत्या.

फोटो काढायला बंदी होती. मी तिकिटाच्या मागे ते वळण पेनाने काढून घेतलं. एवढी वर्षं मी ज्याच्या शोधात हिंडत होते ते माझ्यासमोर खळ्यात बसून सांगत होतं, आणि मी त्याला चूक ठरवून गप्प केलं होतं.

दोन दिवसांनी पाड्यावर गेले. बाबा ओटीवर बाजेवर टेकून बसले होते. आईकडून दावं मागून घेतलं आणि त्यांच्या पायाशी पसरलं. काडी ठेवली. मी म्हणाले, "बाबा, पूल तिथेच होता. मी फोटो पाहिला. चूक माझी होती." मग वाकून डाव्या हाताने त्यांनी वळण थोडं आत ओढलं. मी काढून आणलेलंही चुकलंच होतं.

मी बरोबर आणलेल्या चिकूच्या बिया मांडल्या आणि मोठ्याने मोजल्या. लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. त्यांच्या घशातून आवाज निघाला. डाव्या हाताच्या बोटाने त्यांनी एक बी ढकलली ती थेट नदीत, दाव्यावर. मग दुसरी. मग तिसरी. पाच बिया नदीत गेल्या. एक त्यांनी ओढून स्वतःच्या पायाजवळ घेतली, ते स्वतः. सातवी उचलून माझ्यासमोर धरली आणि ओठ हलवू लागले. 'ब' होता की 'म', कळेना. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला. पुन्हा पुन्हा तोच आवाज. आईला विचारलं. तिला त्यांनी कधी कुणाचं नाव सांगितलंच नव्हतं.

मला माहीत असलेली सगळी नावं मी म्हणून पाहिली. ते मान हलवत राहिले, नाही, नाही. तो माणूस वाचला होता की बाबांच्या मांडीवर त्याने प्राण सोडला, तो कुठल्या गावचा, त्याच्या घरी कुणी कळवलं का, हे त्या दिवशी खळ्यावर मला आपोआप कळणार होतं. फक्त मी गप्प बसायला हवं होतं. शेवटी बाबा दमले. त्यांनी ती बी माझ्या तळहातावर ठेवली, माझी बोटं एकेक करून मिटवली आणि आपले डोळे पुसायला माझाच पदर ओढला.