रेडिएटरपुढची पाटी

पेट्रोलचे भाव भडकले तेव्हाची गोष्ट. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या कुंपणाबाहेर आमच्यासारखी गॅरेजं कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवली होती आणि ज्याला त्याला एकच खूळ लागलं होतं: पेट्रोलचं इंजिन काढा, डिझेलचं बसवा. अहो, इंजिन म्हणजे काय सदऱ्याचं बटण आहे? ट्रकच्या ताकदीचं ते धूड पिकअपच्या एवढ्याशा नाकात कोंबायचं म्हणजे डोक्याला ताप. बॉनेट लागत नाही, पंखा रेडिएटरला घासतो, आणि हे सगळं जमलं तरी चढावर पाणी उकळतं ते उकळतंच. मग गिऱ्हाईक येऊन आमच्या नावानं शिमगा करणार. मी तोंडाचा फटकळ, त्यामुळे शिमगा दोन्हीकडून व्हायचा. भागीदार मात्र गार डोक्याचा होता. चाकणच्या मुसलमान घरातला, गळका रेडिएटर झाळून सांधण्यात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता.

निघोज्याच्या एका म्हाताऱ्याची पिकअप आम्ही अशीच डिझेल केली. चाकणच्या बाजारात बटाट्याचं बेणं भरायचं आणि खेडचा घाट चढून मंचरला पोहोचवायचं, हा त्याचा धंदा. आधी गाडी मुलगा चालवायचा. मुलगा त्याच घाटात गेला. पोती सरकली म्हणून वळणावर उतरून दोर आवळत होता, मागून ट्रकनं उडवला. म्हातारा तेव्हा शेजारच्या सीटवर बसलेला. गाडीवर ओरखडा नाही. नंतर त्यानं गाडी विकली नाही, स्वतः चालवायला बसला, आणि पुढच्या जाळीवर मुलाच्या नावाची पत्र्याची मोठी पाटी लावून घेतली. पेंटरनं विचारलं होतं म्हणे, नावाआधी 'कै.' घालू ना? म्हातारा म्हणाला, 'चि.' घाल.

इंजिन बसवून दिलं आणि आठवड्यात म्हातारा परत दारात.

"तापतीया," तो म्हणाला.

"कुठं?"

"त्याच्या वळणाला."

मी म्हटलं, चढ आहे, तापणारच. रेडिएटर बदलला, जास्त नळ्यांचा घातला. परत आला. पंख्याभोवती पत्र्याचं कडं केलं, वॉटर पंप बदलला. परत आला. दर वेळी आम्ही गाडी आवारात तासभर रेस करून बघायचो, काटा जागचा हलायचा नाही. घाटात मात्र त्याच वळणाला वाफ. च्यायला, माझं डोकं फिरलं. आणि म्हातारा एका शब्दानं भांडेना! बाकीची गिऱ्हाइकं आई-बहीण काढायची, हा नुसता सांगून जायचा, गावातली खबर द्यावी तसा. त्याचीच मला भीती वाटायला लागली.

शेवटी मी त्याच्याबरोबर गेलो. भर दुपार, गाडीत पोती ठासून भरलेली. खेड मागे पडलं, घाट लागला, आणि काटा चढू लागला. मी मनात म्हणत होतो, आज नको, माझ्यासमोर नको. वळण आलं आणि बॉनेटमधून भस्सकन वाफ. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू? म्हातारा मात्र सवयीनं उतरला. इंजिन थोडं निवू दिलं, फडक्यानं झाकण सोडलं आणि डब्यातलं पाणी धारेनं ओतायला लागला. हळूहळू, लहान मुलाला पाजावं तसं.

"त्यानं पानी मागितलं हुतं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "ह्याच जाग्याला. डबा माज्याच हातात हुता. पण लोकं म्हनली, मार लागलेल्याला पानी पाजू नगा, जीव जाईल. माजा हात धरून ठिवला. तसाच गेला, कोरडा. आता मागतो, मी देतो."

त्या रात्री जेवण गेलं नाही. मी भुताखेतांना शिव्या घालणारा माणूस, पण डोळे मिटले की ते मागणं कानात यायचं. ज्याला मी कधी पाहिलं नव्हतं त्याचा आवाजसुद्धा मला ठाऊक झाला होता.

दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा आवारात घेतली. भागीदारानं नेहमीसारखी आधी पाटी उतरवली. मेलेल्या पोराचं नाव, त्याला आपले ग्रीसचे हात लागू नयेत, म्हणून तो दर वेळी कामाच्या आधी ती काढायचा, धुतलेल्या फडक्यात गुंडाळून स्टुलावर ठेवायचा, आणि सगळं तपासून झाल्यावर अगदी शेवटी पुसून जागेवर लावायचा. मी बघत बसलो होतो. रिकामी जाळी बघितली, स्टुलावरची पाटी बघितली. अरे देवा! आम्ही दर वेळी पाटी काढून गाडी तपासत होतो आणि पाटी लावून घाटात पाठवत होतो. अर्धा रेडिएटर त्या पत्र्यानं झाकला जात होता. जुन्या इंजिनाला तेवढा वारा पुरायचा, ह्या नव्या धुडाला कसा पुरावा? आणि त्या वळणापाशी घाटाचा सगळ्यात उभा चढ संपतो, म्हणून उकळी तिथंच.

घाटातलं म्हाताऱ्याचं बोलणं मी भागीदाराला सकाळीच सांगितलं होतं. तो पाटीवरचं फडकं नीट करत राहिला. मग म्हणाला, "राहू दे ना राव. म्हाताऱ्याची कुठं तक्रार आहे?"

मी खवळलो. "राहू दे काय? असं रोज उकळलं तर महिन्याभरात इंजिनाचं हेड जाईल. मग काय डोक्यावर पोती वाहील तो?"

पाटी आम्ही टपावर, मधोमध बसवली. म्हातारा आला, मान वर करून बघत राहिला.

"वारा अडत होता बाबा," मी शक्य तितक्या मऊ आवाजात सांगितलं. "पाटीमुळे तापत होती."

"म्हंजे त्यो न्हवता व्हय?"

काय सांगणार? मी म्हणालो, "नाही बाबा."

त्यानं मान हलवली. "चला मग, बगू," म्हणाला, आणि मला शेजारी बसायची खूण केली.

भरलेली गाडी घाट चढत होती. काटा मध्यावर खिळलेला. इतकी सुंदर गाडी आम्ही दुसरी केली नव्हती, आणि मला कणभर आनंद होईना. वळण आलं. इंजिन मजेत ओढत होतं. म्हाताऱ्यानं तिथंच गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"कशाला थांबलात? काही झालेलं नाही," मी म्हणालो.

तो डबा घेऊन उतरला, चालत पुढं आला, बॉनेट उघडलं. फडक्यानं झाकण सोडलं. आत पाणी काठोकाठ होतं. तरी त्यानं डबा कलता केला. धार आत गेली नाही, रेडिएटरवरून ओघळून त्याच्या चपलांवर आली, रस्त्याला लागली. त्यानं हात थांबवला.

"घेईना," तो म्हणाला.

मी पुढं होऊन झाकण परत लावलं.

"तवा मी दिलं न्हाई," म्हातारा रस्त्याकडे बघत म्हणाला, "आन आता त्यो घेत न्हाई."