नातवाचा खोकला आणि चिनी मालीश

नातवाच्या तोंडात शेंगदाणा मी घातला. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढचं सगळं सुनेवर ढकलावंसं वाटेल.

तो तेव्हा दीड वर्षाचा होता. सुनेनं बजावलं होतं, "आई, त्याले दाणे देऊ नका. दाढा कुठी आल्या अजून?" मी चार लेकरं वाढवलेली बाई. ही मला शिकवते याचा राग आला. ती मागे कपडे धुवायला गेली आणि मी भाजलेला एक दाणा त्याच्या तोंडात दिला. तो हसत होता. एकदम ठसकला, डोळे लाल झाले. मी पाठीत चापट्या मारल्या. थोड्या वेळानं ढास थांबली. दाणा बाहेर पडला नाही, तेव्हा पोटात गेला असं मी धरून चालले.

सून धावत आली. "काय झालं?"

"पाणी पेताना ठसका लागला," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून खोकला सुरू झाला. गावातल्या डॉक्टरनं सर्दी समजून औषधाची बाटली दिली. फरक पडेना. मग सुनेला मोबाईलवर चिनी मालीश सापडली. करंगळीशेजारचं बोट म्हणजे फुप्फुस, असं त्यात सांगतात. हाताला पावडर लावायची, ते बोट एकाच दिशेनं तीनशे वेळा घासायचं, मग छातीच्या मधून दोन्ही अंगठे बाहेर न्यायचे, मग पाठीवर खांद्याच्या फऱ्यांच्या कडेनं चोळायचं. ती ओठ हलवत मोजायची.

"खोकला छातीत अन् चोळते बोट," मी म्हणायचे. "माह्या जवसाच्या तेलाले काटे होते काय?"

"त्याच्या वासानं तो अजून खोकलते, आई. तुम्ही पावडरचा डबा द्या फक्त."

शेजारीण दारातून ओरडायची, "काय वं, चीनची डॉक्टरीण झाली का तू?"

"हसा, काकू. पण ह्यानं त्याले झोप लागते."

झोप लागायची, हे खरं. तरी शेजारणीबरोबर मीही हसायचे.

चौथ्या दिवशी त्याच्या श्वासात शिट्टी ऐकू आली आणि मला दाणा आठवला. बोलले नाही. बोलले असते तर लेकरू पुन्हा माझ्या मांडीवर आलं नसतं. एवढंच कारण.

आठव्या दिवशी सकाळी श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत जायला लागल्या. सून बोट चोळतच होती.

"सोड ते बोट," मी म्हणाले. "दवाखान्यात ने त्याले. मी दाणा देल्ता."

तिचा हात थांबला. "कधी?"

"ठसका लागला त्या दिवशी."

"आठ दिवस मी हे करून राह्यली, अन् तुम्ही पाहून राह्यल्या?"

मी त्याची दुलई गुंडाळून तिच्या हातात दिली.

अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात घशातून नळी घालून श्वासनळीत अडकलेला दाणा काढला. अर्धाच, फुगून मऊ झालेला. माझा मुलगा तेव्हा औषधांच्या रांगेत होता. डॉक्टरनं सुनेला झापलं, "इतके दिवस मालीश करत बसलात? दाणा कोणी दिला?"

"घरात सांडले होते," ती म्हणाली. माझ्याकडे पाहिलंही नाही.

लेकरू वाचलं. तिनं मला का झाकलं, ते मी विचारलं नाही. माया नव्हती. नवऱ्यानं आईला घराबाहेर काढलं असतं आणि लोकांनी नावं सुनेलाच ठेवली असती, हे तिला कळत होतं. आता ती नळावर गेली तरी पोराला सोबत नेते.

मुलगा मात्र प्रत्येक लग्नात, बारशात पाहुण्यांना सांगतो, "हिच्या चिनी मालिशीपायी पोरगं जात होतं माह्यं." लोक हसतात. ती खाली मान घालून वाढत असते. मी पंगतीत जेवत असते, आणि घास थांबत नाही माझा.

मुलानं हे वाचावं. तोंडानं सांगणं मला तीन वर्षांत जमलं नाही.