लाटांची वीज आणि नानांचा विळा

दादानं कारखान्यातली नोकरी सोडल्याचं मला आमच्या मखमलाबादच्या मळ्यात, गवार तोडताना कळलं. कारणही त्यानंच सांगितलं, "समुद्राच्या लाटांपासून वीज करायचीय." शेंगा हातात धरून मी त्याच्याकडे बघतच राहिले. नाशकात कुठला आलाय समुद्र? नाना, म्हणजे आमचे वडील, वाफ्याला पाणी द्यायला निघून गेले. संध्याकाळी आईला म्हणाले, "पोरगं वाया गेलं."

दोन हजार सालानंतरचे ते भारनियमनाचे दिवस. वीज कधी येईल याचा नेम नसायचा, आणि विहीर भरलेली असूनही कोथिंबीर डोळ्यांदेखत माना टाकायची. दादाच्या डोक्यात हे त्यातूनच शिरलं असावं. मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यानं काम मांडलं. समुद्रातल्या दगडी धक्क्याला बिजागरीनं लोखंडी दांडा जोडायचा, दांड्याच्या टोकाला तरंगणारा बंद डबा. लाट आली की डबा वर, गेली की खाली. त्या उठाबशीवर पंप तेल ढकलणार आणि तेलाच्या जोरावर जनित्र फिरणार. असे डबे शेजारीशेजारी हवे तेवढे लावता यावेत आणि एक बिघडला तरी बाकीचे चालावेत, यावर त्याचा सगळा भर. मी डिप्लोमा करून घरीच होते, त्यामुळे वायरिंग आणि मीटर माझ्याकडे आले.

शेततळ्यात बांबूनं डबा दाबून आम्ही खोट्या लाटा करायचो. दिवा लुकलुकायचा. नाना बांधावरून बघायचे आणि निघून जायचे.

शेवटी डहाणूकडच्या एका कोळीवाड्यानं त्यांच्या जुन्या धक्क्यावर तीन डबे लावू दिले. टेम्पो निघताना नाना येऊन पुढे बसले. "सामान उतरवायला मानूस लागंल," एवढंच म्हणाले. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. धक्क्यावर उतरले आणि किती तरी वेळ जागचे हलले नाहीत. मग हळूच मला विचारलं, "याला बांध नाय कुठं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी भरती चढू लागली आणि दिवा लागला. लुकलुकला नाही, चांगला लागला. जाळी विणणारे कोळी उठून बघायला आले. दादा हसत होता आणि मी मीटरवरून नजर काढत नव्हते, म्हणून ती मोठी लाट मला दिसलीच नाही. फक्त कडाड असा आवाज ऐकू आला.

मधल्या डब्याचा दांडा बिजागरीतून तुटला होता. वाहून जाऊ नये म्हणून बांधलेल्या दोरावरच डबा आता होता. दादा दोर ओढायला धावला. लाट मागे फिरली, डब्याला घेऊन गेली आणि दोराचा वेढा दादाच्या पायात आवळला. तो तोंडावर पडला आणि शेवाळलेल्या दगडावरून पाण्याकडे घसरू लागला. दोन कोळ्यांनी त्याचे दंड धरले, तरी तेही त्याच्याबरोबर ओढले जाऊ लागले.

नाना कुठून आले, मला कळलं नाही. सामानाच्या दोऱ्या कापायला आणलेला विळा त्यांच्या हातात होता. त्यांनी दोर कापला.

डबा हेलकावे खात दूर गेला. दादा उठून बसला, हनुवटीतून रक्त येत होतं. पहिलं वाक्य काय बोलला तर, "नाना, दोर का कापला?"

"आरं, तू गेला असता."

"धरून ठेवायचा ना! दोन वर्षं घातलीत मी त्यात."

नानांच्या हातातून विळा पडला. ते तिथंच ओल्या दगडावर मटकन बसले. सापाला दगडानं ठेचणारे माझे वडील. त्यांना असं खचलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

"ताई, दिवा चालूच हाय," एक कोळी म्हणाला. खरंच, उरलेल्या दोन डब्यांवर तो चालू होता. दादाला हेच तर सिद्ध करायचं होतं. पण त्या दिव्याचं आम्हा तिघांपैकी कुणालाच काही वाटलं नाही.

परतताना टेम्पोत दादा नानांच्या शेजारी बसला होता. जव्हारच्या पुढे दादानं मोजा काढला. घोट्याभोवती काळानिळा वळ उठला होता आणि पाय भोपळ्यासारखा सुजला होता. तो त्या पायाकडे बघत राहिला, मग नानांच्या खांद्यावर डोकं टेकवून मोठ्यानं रडला. एवढा बाप्या माणूस रडताना बघून ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. नानांना काय करावं सुचेना. ते बैलाला थोपटावं तसं त्याच्या पाठीवर थोपटत राहिले.

पुढच्या वर्षी दादानं प्रत्येक बिजागरीत मुद्दाम एक कच्ची पिन घातली. ताण वाढला की ती मोडणार आणि डबा आपला आपण सुटणार. दोर नको आणि धक्क्यावर माणूसही नको. ते डबे दिवाळीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत टिकले. त्यावर कोळ्यांच्या जाळ्यांच्या शेडमध्ये दिवे लागत. मग खाऱ्या पाण्यानं सांधे खाल्ले, पुढं न्यायला कुणी उभं राहिलं नाही आणि दादा पुन्हा कारखान्यात रुजू झाला.

नाना ते डबे लावायच्या दुसऱ्या खेपेला आले नव्हते. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी दादाला शेडमध्ये बोलावलं आणि पिन कशी मोडते ते दाखवायला सांगितलं. दादानं मोडून दाखवली. "अजून एकदा दाखव," ते म्हणाले.