उकिडवं बसण्याची वर्षं

चार वर्षांची असल्यापासून मला रस्त्यात मध्येच उकिडवं बसायची सवय होती. कुणी शिकवलं नव्हतं. थोडं चाललं की छातीत दम मावेनासा व्हायचा, ओठ जांभळे पडायचे. गुडघे पोटाशी घेऊन बसलं की बरं वाटायचं. तंजावरच्या आमच्या गल्लीपासून शाळेपर्यंत माझ्या बसायच्या तीन जागा ठरलेल्या होत्या. जाणारे-येणारे तमिळमधून हसत काहीबाही बोलायचे. मी दम खाऊन उठायचे आणि पुढे निघायचे.

एकदा न्हाणीघरात रडता रडता मी काळीनिळी पडले. अम्माने घाबरून मला उचललं आणि माझे गुडघे छातीशी घट्ट दाबून धरले. मी रस्त्यात काय करते ते तिने पाहिलेलं होतं. हळूहळू रंग परत आला. त्यानंतर अप्पा मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या पडद्याला जन्मापासून भोक आहे आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद आहे, त्यामुळे निळं रक्त अंगभर फिरतं. "खेळू द्या तिला. थकली की आपणच थांबेल. पाणी मात्र कमी पडू देऊ नका, तिचं रक्त दाट आहे." तेव्हापासून उन्हाळाभर माझ्या हाती ताकाचा पेला असायचा. शाळेत कवायतीच्या वेळी बाई मला सावलीत बसवून गुण लिहायला द्यायच्या. मी खेळत नसले तरी कोण चुकलं ते मला सगळ्यांच्या आधी दिसायचं.

मी पंधरा वर्षांची झाले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की वेल्लूरच्या मोठ्या इस्पितळात आता असं हृदय दुरुस्त करायची शस्त्रक्रिया होऊ लागली आहे. अप्पांना ते पटेना. "आहे तशी आहे ना आपल्यापाशी," एवढंच ते म्हणायचे.

त्याच सुमारास आम्ही तिरुवैयारूला आत्याकडे गेलो. कावेरीच्या घाटावर उतरताना काही वाटलं नाही. वर येताना पाचव्या पायरीवर मी बसले आणि या वेळी उठताच येईना. अप्पांनी मला पाठीवर घेतलं. वर पोचेपर्यंत त्यांचाच श्वास फुलला आणि ते माझ्या शेजारी, माझ्यासारखेच, उकिडवे बसले.

"अप्पा, तुम्हाला असं कधीपासून होतंय?"

"आत्ता एवढ्यात. का?"

"मला रोज होतं. माझं मला जमतं. पण पाच वर्षांनी मला कोण पाठीवर घेणार?"

त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाले, "तुझ्या मनात काय आहे?"

"वेल्लूर," मी म्हणाले.

तिथल्या डॉक्टरांनी कागदावर हृदय काढून दाखवलं. ते थोडा वेळ थांबवायचं आणि तेवढ्यात रक्त यंत्रातून फिरवायचं, असं होतं ते. अप्पांनी विचारलं, "थांबवल्यावर पुन्हा चालू होईल ना?" डॉक्टर म्हणाले, "दर वेळी होतंच, असं खोटं सांगणार नाही. पण मुलगी हिंमतीची आहे आणि आमची तयारी पक्की आहे." मला ते खरं बोलणं आवडलं. भीती होतीच, पण पायऱ्या चढायची भीती तिच्याहून जुनी होती.

शुद्धीवर आले तेव्हा छाती करवतीने चिरल्यासारखी दुखत होती. अम्माने आपला हात माझ्या हाताशेजारी ठेवला. दोघींची नखं आता एकाच गुलाबी रंगाची होती. ती पुन्हा पुन्हा बघत राहिली. मला मात्र पायांचं नवल वाटत होतं, जन्मात पहिल्यांदा ते आपोआप गरम झाले होते.

काही दिवसांनी नर्सने मला व्हरांड्यात चालवलं. वीस पावलांवर मी सवयीने खाली बसले.

"आता बसायची गरज नाही तुला," ती म्हणाली.

"माझ्या पायांना अजून कुणी सांगितलेलं नाही," मी म्हणाले. ती इतकी हसली की मलाही हसू आलं, आणि हसताना टाके ओढले म्हणून मी उशी छातीशी धरली.

घरी आल्यावर खरी झुंज अम्माशी होती. वर्षभर तिने मला घागर उचलू दिली नाही. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर एके सकाळी मी विहिरीवरून स्वतः पाणी ओढलं आणि भरलेली घागर तिच्यासमोर ठेवली. ती म्हणाली, "सांडलंस थोडं." त्या दिवसापासून घागर माझीच झाली.

काळजी संपली असं नाही. दात काढायचा झाला तर हृदयाला जंतू लागू नयेत म्हणून आधी पेनिसिलिनची सुई, वर्षातून एकदा वेल्लूरची फेरी, आणि छातीवरचा व्रण झाकायला उंच गळ्याचे झंपर. पुढे मी शिक्षिका झाले. ओरत्तनाडूच्या शाळेत रुजू व्हायच्या आधीच्या तपासणीत तिथल्या तरुण डॉक्टरांनी नळी छातीला लावली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"तुमच्या हृदयात आवाज येतोय."

"राहणारच तो. भोक बुजवलंय, वाट रुंद केलीय," मी सांगितलं. "बाहेरचा जिना मी न थांबता चढून आलेय. पुन्हा चढून दाखवू का?"

त्यांनी नको म्हटलं आणि सही केली.