दुसऱ्या खोलीचे आकडे

कोहमाऱ्याच्या एका धाब्यावर एक माणूस माझ्यामुळे टेबलं पुसतो, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तो आधी ट्रक चालवायचा.

मी डोळ्यांचा डॉक्टर, फुलचूरच्या एका खासगी दवाखान्यात बसतो. काही वर्षांपूर्वी दवाखान्याने मला डोळ्याच्या पडद्याची विद्युत तपासणी शिकायला दक्षिणेत पाठवलं. रुग्णाला आधी बराच वेळ काळोखात बसवायचं, मग डोळ्यावर लखकन प्रकाश टाकायचा आणि पडद्यातून उठणारी बारीकशी वीज लाटेच्या रूपात उतरवून घ्यायची. लाट उंच तर पडदा ठीक, बुटकी तर आजारी. पण उंच म्हणजे किती? शिकवणाऱ्या बाई रोज बजावायच्या, "प्रत्येक खोलीचे आकडे वेगळे. परत गेलात की आधी आपल्याकडची धडधाकट माणसं तपासा, त्यांच्यावरून माप ठरवा. मगच रुग्णाला हात लावा." मी मान डोलवायचो.

परत आल्यावर धडधाकट माणसं मिळेनात. आमच्या नर्सबाईंनी तर हातच जोडले. "डोळे चांगले असताना अंधारात कायले बसू साहेब? अन् वरून डोळ्यात धागा! तुम्हीच बसा ना." सगळे हसले, मीही हसलो. आणि शिकलो तिथले आकडे जसेच्या तसे मशीनमध्ये भरून मोकळा झालो. तिथे बुबुळावर भिंगासारखी चकती बसवत. आमच्याकडे खालच्या पापणीत बारीक धागा. धाग्यावर लाट मुळातच बुटकी येते. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

तो ट्रकवाला आला तेव्हा तक्रार एवढीच, की समोरून गाडी आली की दिव्यांनी डोळे दिपतात. पडदा स्वच्छ दिसत होता. पण नव्या मशीनचा तोरा होता ना. लाट बुटकी आली. "पडदा सुकत चाललाय," मी म्हणालो, "गाडी सोडा." आणि गोळ्या लिहून दिल्या. त्याने वाद घातला नाही. गोळ्या कधीपर्यंत घ्यायच्या, एवढंच विचारलं.

पुढे मशीन बिघडलं. दुरुस्तीनंतर नीट चालतंय का पाहायला मी स्वतःच काळोखात बसलो. माझी लाट त्याच्याहून बुटकी. त्या मापाने मी आंधळा व्हायला हवा होतो.

मग मुकाट्याने माप बदललं. 'मशीन सुधारलंय' असं सांगून बाकीच्या रुग्णांना परत बोलावलं. त्याला नाही बोलावलं. त्याने तोवर ट्रक विकला होता.

गेल्या उन्हाळ्यात साकोलीहून येताना कोहमाऱ्याला चहासाठी थांबलो, तर खांद्यावर फडकं टाकून तोच समोर. धाबा मेहुण्याचा, हा त्याच्या हाताखाली.

"साहेब! तुमच्यानं वाचलो. नाहीतर कोनाले तरी चिरडलं असतं."

गल्ल्यामागे त्याची बायको तांदूळ निवडत बसली होती. "वाचला म्हन्ते! डाक्टर, याचे डोळे जाऊन राहिले म्हनत होते ना तुम्ही? गेले त नाही. तांदळातला खडा मले दिसत नाही, याले दिसते."

"तुयेच गेले असन," तो हसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "गोळ्यायनं थांबलं असन, नाही का साहेब?"

ती निवडायची थांबली. दोघंही माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"हो," मी म्हणालो. "गोळ्या बंद करू नका."

त्याने न मागता खारी आणून ठेवली. मी खाल्लीसुद्धा.

आकडे भरले तो आळस होता, त्याला काहीतरी सबब सापडते. त्या 'हो'ला सापडत नाही. आता तिकडून येताना मी गाडी थांबवत नाही.

त्याचे डोळे तेव्हाही चांगले होते, आजही चांगले आहेत. चूक माझी होती आणि ती मला केव्हाच कळली होती. एवढं त्याच्या बायकोसमोर त्याला सांगणं हे माझ्यावरचं देणं आहे. अजून सांगितलेलं नाही.