बांधावरची जागा

माघ सरताना आमच्या गावामागच्या डोंगरावर पळस फुलतो. शाळेतल्या मुली फुलं वेचून आणतात आणि माझ्या टेबलावर ठेवतात.  त्या गेल्या की मी ती खिडकीबाहेर टाकते. बापाच्या शेवटच्या आजारात घरचे हीच फुलं शिजवून, फडक्यात बांधून त्याच्या ओटीपोटावर ठेवत होते. त्याला जगवू शकतील असे दुसरे उपाय होते. ते डॉक्टरांनी नीट सांगितले होते आणि घरातल्या प्रत्येकाला ते ठाऊक होते. तरी चुलीवर पळसाची फुलंच उकळत राहिली.

आमचं मिठागर शेव्याच्या बाजूला, खाडीला लागून. बा आणि धाकटा काका मिळून ते पाहत. लग्नानंतर थोड्याच काळात मी विधवा होऊन परत आले, तेव्हा बानेच मला पुण्याला शिकायला धाडलं. मिठागरवाल्याची पोर मास्तरीण होणार, यावर लोक त्याच्या तोंडावर हसले. त्याने ते हसू ऐकून घेतलं. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे मी त्याच्यावर चिडणार आहे, आणि वाचणाऱ्याने त्याला वाईट माणूस समजू नये.

आगराचा एक नेम होता. बाईने विटाळाच्या दिवसांत आगरात पाय ठेवायचा नाही; ठेवला तर मीठ बसत नाही, असं सगळे मानत. त्या दिवसांत आम्ही बायका बांधाच्या टोकाला, खाडीकाठच्या डेरेदार भेंडीच्या झाडाखाली बसायचो. येणाऱ्याजाणाऱ्याला सगळं कळायचं. मी तिथे पहिल्यांदा बसले तेव्हा लाजेने रडले होते. बा लांबूनच म्हणाला, "आगर आपली आय हाय, पोरी. तिला बाट लागता कामा न्हाय." आणि फावडं घेऊन मिठात उतरला.

एकोणीसशे पस्तीस सालच्या आसपास बाला लघवीचा त्रास सुरू झाला. पुन्हापुन्हा जावं लागे, धार बारीक झाली, थांबत थांबत येऊ लागली. तो कुणाशी बोलला नाही. आईला धोतरं धुताना कळलं आणि तिने मला सांगितलं. बाने आपला उपाय आपणच काढला होता: त्याने पाणी पिणं सोडलं. बांधाला भरतीचं पाणी आत घ्यायला एक दार असतं, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. फळी टाकली की पाणी बंद. आयुष्यभर तेच केलेल्या माणसाला वाटलं, आत सोडलंच नाही तर बाहेर काढायचा प्रश्न कुठे येतो? चैत्रातलं ऊन, खाली पांढरं मीठ, आणि हा माणूस नुसती चूळ भरून थुंकायचा.

"बा, घोटभर तरी पी रे."

"उघाडी बंद हाय," तो म्हणायचा आणि हसायचा. काकाही हसायचा. मला तो विनोद तेव्हाही आवडला नव्हता.

एका दुपारी लघवी पुरतीच अडकली. पोट दगडासारखं झालं. बैलगाडीत घालून त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रबरी नळी घातली. आई आणि मी दाराबाहेर उभ्या होतो. आत भांड्यात पाणी पडल्याचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला, आणि मग बा रडला. त्रास संपल्यामुळे रडला. त्याला रडताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

डॉक्टर बाहेर येऊन काकाशी हलक्या आवाजात बोलू लागले. मी जवळ गेले तसे थांबले.

"बाई, हे पुरुषांशी बोलायचं आहे."

"काढा उकळायचा असेल, शेक द्यायचा असेल, तर ते आम्हीच करणार ना डॉक्टरसाहेब? मग आम्हालाच सांगा."

त्यांनी भिंतीकडे बघत सांगितलं. पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. उतारवयात ती वाढते आणि लघवीची वाट दाबते. काढे, कोमट पाण्यात बसणं, पोटावर शेक, यांनी घटकाभर आराम पडतो. ग्रंथी तशीच राहते. दुसरा उपाय नळीचा. ती उकळून घ्यायची, तेल लावून सकाळ-संध्याकाळ आपल्या हाताने घालायची. स्वच्छता पाळली नाही तर ताप येतो, पण पाळली तर अशी माणसं पुष्कळ जगतात. तिसरा उपाय मुंबईला. तिथे आधी बेंबीखाली छेद देऊन पोटातूनच नळी बसवतात, लघवी काही आठवडे तिथून वाहू देतात. मूत्रपिंडं सावरली की पुन्हा ऑपरेशन करून ग्रंथी बोटाने सोडवून काढतात.

"त्यात माणसं दगावतातसुद्धा," ते म्हणाले. "पण यांचा बांधा चांगला आहे. मी पाठवीन. आणि पाणी भरपूर प्यायला द्या."

घरी मी बाला हे त्याच्याच भाषेत सांगितलं. उघाडीच्या तोंडाशी गाळ बसलाय. पाणी बंद करून गाळ जात नाही, उलट आतलं पाणी नासतं. त्याला ते पटलं.

"म्हंजे गाळ उपसाया मुंबई, आन् तवर नळी," तो म्हणाला. "मास्तरीण, तुझ्या बापाला आता मुंबईवाल्यांसारखा नळ आला."

तो हात धुऊन, स्वतः नळी घालायला शिकला. मी ती पातेल्यात उकळून द्यायची. तो पाणी पिऊ लागला, जेवू लागला, चेहऱ्यावर रंग आला. पावसाआधी मुंबईला जायचं ठरलं. ते थोडे दिवस मी अजून जपून ठेवले आहेत.

मग एकदा नळीबरोबर रक्त आलं. असं होऊ शकतं, हात हलका ठेवा, हे डॉक्टर आधीच बोलले होते. पण आईने ते फडकं धुऊन परड्यात वाळत घातलं, डाग नीट गेला नव्हता, आणि ते काकाने पाहिलं.

संध्याकाळी तो ओटीवर येऊन बसला. "दादा, बोलू का? रागावू नको. तुझं रगात जातंय."

"जरासं गेलं."

"जरासं काय न् लई काय. आपल्या बायका बांधावर बसतात, त्यांना कोणी बसवलं? तू. उद्या तू उतरलास न् मीठ बसलं न्हाय, तर गडी कोनाच्या तोंडाकडं बघतील?"

बा हसेल म्हणून मी वाट पाहत होते. तो हसला नाही. त्याने बांधाकडे पाहिलं. मग म्हणाला, "खरं हाय."

"काय खरं हाय?" मी ओरडले. घरात मी कधी आवाज चढवला नव्हता. "मग बस ना बांधावर! आम्ही बसलोच ना इतकी वर्षं? भेंडीची सावली चांगली असते. तिथे बस, नळी घाल, पाणी पी, आणि चल मुंबईला."

"बायकांच्या जागेवर?" बा म्हणाला.

त्याच्या आवाजात चीड नव्हती. त्याला खरोखर आश्चर्य वाटलं होतं, आणि ते आश्चर्य मी अजून विसरले नाही. ज्या जागी त्याने मला बसवलं, आईला बसवलं, तिथे बसण्यापेक्षा त्याला मरण बरं वाटलं.

नळी त्याने खाडीत टाकली; नळी नाही तर रक्त नाही, आणि आगर सुटत नाही. ऑपरेशनचं नाव काढू देईना. आठवडेच्या आठवडे पोटातून लघवी गळणाऱ्या माणसाला आगरात कोण घेईल? काकाने गोखरूचा काढा आणला, पळसाची वाळवलेली फुलं आणली. पाणी पुन्हा बंद झालं. मी रोज बोलत राहिले.

"मास्तरीण, शाळेत शिकव," काका म्हणायचा. "हितं सगळे पास हायत."

"तो ऐकत न्हाय गो, मी काय करू?" एवढंच आई म्हणायची.

आमच्या बांधावरून मुंबई दिसते. हवा स्वच्छ असली की इमारती वेगळ्या ओळखू येतात. ते इस्पितळ तिथे होतं, बोटीने सकाळी निघालं तर दुपारच्या आत पोचण्यासारखं. आणि बा त्या शहराकडे पाठ करून मीठ ओढत होता.

अखेर ताप आला, उचकी लागली, तोंडाला लघवीचा वास येऊ लागला. डॉक्टर आले, नळी घातली. फारसं काही निघालं नाही. मूत्रपिंडं निकामी झाली होती. शुद्धीत आला तेव्हा बाने एकच विचारलं, "मीठ उचललं का?" त्यानंतर तो बोलला नाही.

सुतक लागलं. दहावा होईपर्यंत घरातल्या कुणी आगरात उतरायचं नाही, हाही नेमच. पण मीठ तयार होऊन वाफ्यांत पडलं होतं आणि दक्षिणेकडे ढग धरले होते. तिसऱ्या सकाळी काका तांब्याभर गोमूत्र घेऊन बांधावर आला. चारी कोपऱ्यांवर शिंपडलं, गड्यांवर शिंपडलं, स्वतःच्या डोक्यावर शिंपडलं, आणि उतरला.

मला पाहून म्हणाला, "वखत पडला तर चालतं. देवाला कळतं."

"काका, गाईचं मूत चालतं?"

त्याने रिकामा तांब्या बांधावर ठेवला.

"मग हा तांब्या बासाठी का न्हाय आणलास? एक तांब्या. तेवढ्यावर तो आगरातही गेला असता आणि मुंबईलाही."

"बाजूला हो. पावसाआधी मिठाची रास लावून झाकायची हाय."

मी बाजूला झाले नाही. चपला काढल्या, भेंडीखालून चालत गेले आणि आगरात उतरले. माझे ते बांधावर बसायचे दिवस होते. काकाला मी ते मोठ्याने सांगितलं, गड्यांच्या देखत. त्याने तोंड फिरवलं. ढग जवळ आले होते आणि माणसं कमी होती, म्हणून मला कुणी हाकललं नाही. मी बाचं फावडं घेतलं आणि रास लागेपर्यंत मीठ ओढलं.

मीठ पांढरंच होतं. वर्षभर घरात तेच खाल्लं. काकाने तर पानात वरून मागून घेतलं.