दुर्साफचे दोनशे चौदा शब्द

रमजानला तीन आठवडे उरले होते आणि नाझिहाला सकाळी मान वर करायला सवड नव्हती. महदिया या समुद्रकाठच्या गावी, बंदरामागच्या गल्लीत ती घरीच मलसूका करायची. रव्याचं सैल पीठ मुठीत घेऊन तापलेल्या तांब्याच्या थाळ्यावर थापटत जायचं आणि कागदासारखा पापुद्रा अलगद उचलायचा. ब्रीक, म्हणजे सारण भरलेल्या पुड्या, तळायला सगळी गल्ली तिच्याकडून पापुद्रे न्यायची. नवरा लामीन मासेमारीच्या बोटीवर होता. आठवड्यातले चार-पाच दिवस तो समुद्रावरच असे.

त्या सकाळी ती थाळ्यापाशी होती आणि मागून तिचाच आवाज आला, "घर."

दोन क्षणांनी पुन्हा, "घर. घर."

आवाज टॅबचा होता आणि बोलत होती दुर्साफ, नाझिहाची बावीस वर्षांची मुलगी. जन्मताना तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला. पाय चालले नाहीत, हात आपल्या मर्जीने उडायचे, तोंडातून शब्द कधी फुटला नाही. समज मात्र लख्ख. घरात कुणी कुणाला टोमणा मारला, तर सगळ्यात आधी हसायची ती. चौदाव्या वर्षी बोलणं शिकवणाऱ्या मादाम युस्रनी तिच्यासाठी एका संस्थेकडून टॅब मिळवला. त्यात चित्रांचे चौकोन होते. चित्र दाबलं की शब्द ऐकू यायचा. चित्रं भरायची होती घरच्यांनी आणि शब्दही घरच्यांनीच आपल्या आवाजात. नाझिहाने आपली किटली, लामीनची टोपी, हरिसा या तिखट चटणीची बाटली, गल्लीतली मांजर यांचे फोटो काढून घातले आणि एकेक शब्द स्वतः बोलून भरला. आठ वर्षांत दोनशे चौदा शब्द झाले. दुर्साफ उजव्या तर्जनीच्या पेराने चौकोन दाबायची. कुठला शब्द कुठे आहे ते हाताला इतकं पाठ झालं होतं, की ती खिडकीबाहेर बघत बघतसुद्धा 'चहा' मागायची.

"घर. घर."

"घरीच आहेस ना बाई," नाझिहा न वळता म्हणाली. "गाडी यायची वेळ झाली. रोज रोज काय हा आळस?"

दुर्साफ दिवसभर अपंग मुलामुलींच्या केंद्रात जायची. केंद्राची गाडी आठला दारात यायची. गेले दोन महिने सकाळी तिचं हे 'घर घर' चालू होतं. थंडीत कुणाला बाहेर जावंसं वाटतं, असं म्हणून नाझिहा तिला शाल गुंडाळायची आणि खुर्ची ढकलत गाडीपाशी न्यायची.

"घ—"

शब्द अर्ध्यात तुटला. टॅब काळा पडला होता. रात्रभर चार्जिंगला लावलेला होता, तरीही.

*

बसस्थानकाजवळच्या नौफलने टॅब हातात घेऊन आडवा धरला आणि जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. "मावशी, हे बघ. पाठ फुगलीय. आत बॅटरी सुजलीय."

"मग बदल."

"बदलीन. पण काच चिकटवलेली आहे, उचकटताना तडकली तर मी जबाबदार नाही. असली काच आता मिळत नाही. आणि घरात असा फुगलेला ठेवू नकोस. पोरीच्या मांडीवर तर मुळीच नको."

"मग नव्या टॅबमध्ये हे सगळं आहे तसं टाकून दे."

नौफलने बराच वेळ खटपट केली. मग मान हलवली. "हे ॲप बनवणाऱ्यांनी ते बंद केलंय. नव्या टॅबवर चालणार नाही. फोटो देतो काढून. आवाज निघतील असं वाटत नाही."

नाझिहा टॅब फडक्यात गुंडाळून तशीच युस्रकडे गेली. रस्ताभर तिच्या डोक्यात एकच विचार होता. कुणीतरी काच न फोडता बॅटरी बदलून द्यावी आणि दोन वर्षं तरी जावीत.

युस्र ऐकून घेऊन म्हणाल्या, "मी गेल्या वर्षीच तुम्हाला सांगत होते. नवं आलंय, आपल्या बोलीतलं. अडीच हजार शब्द आहेत. शब्दाला शब्द जोडता येतात. माझ्याकडे एक टॅब आहे, पंधरा दिवस घेऊन जा. पटलं तर निम्मे पैसे संस्था देईल."

"अडीच हजार शब्द घेऊन ती काय भाषणं देणार आहे का मादाम?"

"द्यायची असतील तर देईल."

"आठ वर्षं लागली तिला हे शिकायला. आता पुन्हा पहिल्यापासून? पाणी मागायला पाच मिनिटं शोधत बसेल. चिडेल, रडेल. घरात मी असते, तुम्ही नाही."

"बरोबर आहे," युस्र शांतपणे म्हणाल्या. "पहिले सहा महिने वाईट जातील. मी खोटं सांगणार नाही. पण नाझिहा, तिला काय बोलायचं असेल हे तुम्ही आणि मी चौदाव्या वर्षी ठरवलं होतं. ती आता बावीस वर्षांची आहे."

नाझिहाला ते लागलं. माझ्या मुलीला काय बोलायचंय ते मला कळत नाही की काय, असं तिच्या ओठावर आलं होतं. पण नौफलने टॅब हातात परत दिला होता आणि दुर्साफ मुकी झाली होती. तिने नवा टॅब घेतला.

*

पहिले दिवस तिने म्हटलं होतं तसेच गेले. दुर्साफ 'चहा' जिथे असायचा तिथे पेर नेई आणि तिथे निघे भलतंच काहीतरी. 'परवा.' 'खिडकी.' 'रागीट.' आवाजही परका, सूस शहरातल्या कुण्या विद्यार्थिनीचा, जरा नाकातला. दुर्साफ हात आपटायची. तिसऱ्या दिवशी तिने टॅब मांडीवरून ढकलून दिला.

"सांगितलं होतं मी," नाझिहा रिकाम्या खोलीला म्हणाली आणि टॅब उचलून कपाटावर ठेवला.

पण तासाभराने दुर्साफ कपाटाकडे बघून घशातून आवाज काढू लागली. टॅब खाली येईपर्यंत ती थांबली नाही.

तो टॅब उसना होता. केंद्रात हरवायला नको म्हणून नाझिहा तो घरीच ठेवून घ्यायची. सहाव्या दिवशी दुपारी दुर्साफ केंद्रातून आली आणि तडक त्यावर वाकली. नाझिहा पापुद्र्यांची चळत फडक्यात बांधत होती. मागे शब्दांची शोधाशोध चालू होती. एक पान, दुसरं पान. चुकीचं चित्र, पुन्हा मागे. कितीतरी वेळाने तो परका आवाज म्हणाला,

"हात."

"काय झालं हाताला?"

दुर्साफने वर पाहिलं नाही. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते.

"बांधणे."

नाझिहाच्या हातात फडक्याची गाठ होती. आपण गाठ बांधतोय तेच ती सांगतेय असं वाटून ती हसली. "हो, बांधतेय. शेजारणीची ऑर्डर आहे."

दुर्साफने जोरात मान हलवली. पुन्हा शोधणं. पान, पान, पान.

"हात. बांधणे. गाडी."

आणि मग एकाच चौकोनावर तिचं पेर आदळत राहिलं.

"नको. नको. नको. नको."

नाझिहा तिच्यासमोर जमिनीवर बसली. तिने मुलीच्या स्वेटरची बाही वर सारली. मनगटावर लाल पट्टा होता. तो तिने याआधीही पाहिला होता. बाहीचं इलॅस्टिक काचत असेल म्हणून परवाच ते उसवून सैल केलं होतं.

"गाडीत तुझे हात बांधतात?"

दुर्साफने डोळे मिटून घेतले. हो म्हणायची तिची ती जुनीच खूण होती.

"कोण? गाडीतली जलीला?"

डोळे पुन्हा मिटले.

*

दुसऱ्या दिवशी आठला गाडी आली. नाझिहा एकटीच बाहेर आली आणि सरळ आत चढली. मधल्या बाकावर जलीला बसली होती, चाळिशीची, मुलांची ने-आण करणारी बाई. तिच्या मांडीवर सुती रुमाल होता, घडी घातलेला.

"हाच का?" नाझिहाने विचारलं.

जलीलाचा चेहरा उतरला, पण तिने नाकारलं नाही. "बहिणी, तूच सांग, मी काय करू? नऊ मुलं आहेत आणि मी एकटी. ही सगळी वाट ते यंत्र बडवत असायची. 'चहा चहा, आई आई.' ड्रायव्हर ओरडतो, लक्ष उडतं म्हणतो. टॅब मी पिशवीत ठेवायला लागले तर हात मारायची, शेजारच्या मुलाला लागलं. आता टॅब नसला तरी हात उडतातच. सैल बांधते मी. वीस मिनिटांचा तर प्रश्न."

"वीस मिनिटं?"

"जास्तीत जास्त पंचवीस."

"दोन महिने?"

जलीलाने मांडीवरचा रुमाल पिशवीत सारला. मग म्हणाली, "मला वाटलं, तिला काही वाटत नसेल. काही बोलली असती तर..."

तिचं तिलाच कळलं आणि ती थांबली. नाझिहाला ओरडायचं होतं. रात्रभर तिने काय काय म्हणायचं ते जुळवून ठेवलं होतं. पण 'काही बोलली असती तर' ऐकून ती समोरच्या बाकावर बसली. दोन महिने रोज सकाळी पोर बोलत होती आणि नाझिहा तिला शाल गुंडाळत होती.

तिने केंद्राच्या मुख्य बाईंकडे तक्रार केली. त्यांनी जलीलाला गाडीवरून काढून स्वयंपाकघरात घेतलं. गाडीवर दोन माणसं देऊ, असं कबूल केलं. दुर्साफ मात्र पुन्हा त्या गाडीत बसली नाही. विचारलं की एकच शब्द, "नको." नाझिहाने जबरदस्ती केली नाही.

*

लामीन किनाऱ्यावर आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. त्याने पायातला एक बूट काढला, दुसरा तसाच राहिला. मग म्हणाला, "घेऊन टाकू नवा. यात विचार कसला करायचा?"

"तू असतोस समुद्रावर. विचार मलाच करायचा असतो."

"मग काय चुकतंय सांग."

ती जेवणाची ताटं घ्यायला उठली. तो झोपल्यावर तिने फडक्यातला जुना टॅब काढला, खिडकीपाशी लांब धरून वायर लावली आणि तो उजळल्यावर पहिल्या पानापासून एकेक चौकोन बघत गेली. खाण्याचे एकसष्ट शब्द. माणसं सतरा. कपडे, सण, जनावरं. 'आनंद.' 'छान.' 'हवं.' पण दुखण्याचे शब्द दोनच, 'डोकं' आणि 'पोट'. भीती नाही. राग नाही. मारणं, ओढणं, बांधणं काही नाही. आणि 'हवं'च्या शेजारी एक चौकोन रिकामा.

तो रिकामा का होता ते तिला चांगलं आठवत होतं. तिथे 'नको' होतं. नव्याने टॅब आला तेव्हा दुर्साफ जेवताना, औषध घेताना, व्यायाम करताना दिवसभर तेवढंच दाबत बसायची. स्वतःच्याच आवाजातलं ते 'नको' ऐकून नाझिहाचं डोकं उठायचं. चौथ्या महिन्यात तिने तो चौकोन पुसला. युस्रना सांगितलं, चुकून गेला. नंतर भरू. मग राहून गेलं. मुलगी शहाणी झाली, आता हट्ट करत नाही, असं ती शेजारणींना कौतुकाने सांगायची.

सकाळी तिने दुर्साफला न्हाऊ घातलं, केस विंचरले आणि नवा टॅब मांडीवर ठेवून समोर बसली.

"दुर्साफ, तुझं 'नको' होतं ना जुन्यात? ते मी काढलं होतं. मुद्दाम."

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. मग खाली वाकली. शोधायला नेहमीसारखाच वेळ लागला. चुलीवरचा थाळा तापून धुरावला, तरी नाझिहा जागची हलली नाही.

"मला," तो नाकातला आवाज म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "माहीत."

नाझिहाला वाटलं अजून काही येईल. राग तरी, किंवा माफी. दुर्साफने 'भूक' दाबलं आणि ती थाळ्याकडे बघू लागली.

*

नवा टॅब घेतला. जुना नौफलने बॅटरी काढून टाकून परत दिला.

सोपं काही झालं नाही. रमजानात पाहुण्यांसमोर दुर्साफ आत्याला 'कंटाळा' म्हणाली आणि आत्या महिनाभर आली नाही. चहा मागायला तिला अजून वेळ लागतो. दिवसभर ती घरी असते, त्यामुळे नाझिहाचे पापुद्रे निम्म्यावर आले. कधी कधी कामाच्या गर्दीत तो परका आवाज ऐकून नाझिहाला वाटतं, घरात कोणीतरी तिऱ्हाईत राहायला आलंय. मागच्याच आठवड्यात लामीनने विचारलं, "पस्तावलीस का?" ती म्हणाली, "तसं नाही रे," आणि थाळ्यावर पुढचा पापुद्रा थापटला.

आठवड्यातून दोनदा ती दुर्साफला युस्रकडे नेते. शेजारी बसते, लेकीचा शब्द अडला की पुढचा शब्द स्वतः पुरा करते. ती सवय अजून सुटलेली नाही. परवा युस्रनी विचारलं, "दुर्साफ, केंद्रात तुला काय आवडायचं?" आणि नाझिहा म्हणाली, "हिला ना, तिथलं गाणं..."

दुर्साफचं पेर चालू लागलं. दोघी थांबल्या.

"आई," टॅब म्हणाला. "बाहेर."

युस्रनी नाझिहाकडे पाहिलं. नाझिहा उठली. पर्स घ्यायची राहिली म्हणून परत आली, ती घेतली आणि दार ओढून घेतलं. बाहेरच्या अरुंद बोळात एक बाक होतं, त्यावर बसली. दारापलीकडून तो आवाज येत होता. एक शब्द, मग बराच वेळ शांतता, मग दुसरा. लक्ष देऊन ऐकलं असतं तर कदाचित कळलं असतं. ती उठून बोळाच्या पार टोकाला गेली आणि खिडकीपाशी उभी राहिली.